किकवाला नॉर्मन

इंग्लंडमधल्या आमच्या वॉटरक्लफ गावात नॉर्मन एंटविसल नावाची दोन माणसं होती. एक खाटीक आणि एक मोटरसायकलवाला. खाटकाला लोक नुसतं नॉर्मन म्हणायचे आणि दुसऱ्याला किकवाला नॉर्मन. ही गोष्ट दुसऱ्याची. पहिल्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की त्याचे सॉसेज चांगले असायचे.

किकवाला नॉर्मन आयुष्यभर सपातांच्या कारखान्यात होता. आमच्या खोऱ्यात एके काळी अर्ध्या इंग्लंडच्या घरात घालायच्या सपाता तयार व्हायच्या. नॉर्मन त्यांच्या आतला नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड थर, कापायचा. लोकांच्या पायाला ऊब मिळावी म्हणून त्याने उभा जन्म घालवला आणि स्वतःच्या उजव्या पायाने रविवार-रविवार एका लोखंडी दांड्याशी झुंज दिली. तो दांडा होता त्याच्या मोटरसायकलच्या किकचा.

गाडी सत्तावन्न सालची, साडेसहाशे सीसीची, दोन सिलिंडरांची. मेव्हिसशी लग्न ठरायच्या आधी त्याने ती एका दूधवाल्याकडून घेतली होती. तिला नाव ठेवलेलं नव्हतं. नाव कुत्र्याला ठेवावं, असं त्याचं मत. मेव्हिस तिला 'ती' म्हणायची. "तिला पुसून झालं असेल तर मलाही एक कप चहा दे," असं.

जुनी मोटरसायकल किकने सुरू करणं हे ताकदीचं काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी नॉर्मनला पाहायला हवं होतं. गावच्या जुन्या मोटरसायकलींच्या मंडळातली बाकीची माणसं किक मारायची तेव्हा टोप्या उडायच्या, कवळ्या हलायच्या, आणि चर्चच्या आवारात निघू नयेत असे शब्द निघायचे. नॉर्मन आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा. कार्ब्युरेटरला बोटाने गुदगुल्या करायचा, पेट्रोलचे दोन थेंब बाहेर येईपर्यंत. मग पायाने इंजिन हलकेच फिरवून, ते कुठे अडतंय याचा अंदाज घेत, आकाशाकडे पाहत उभा राहायचा. आणि मग एकच किक. ती मारताना त्याच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. जिन्याची पायरी उतरावी तसा तो खाली यायचा आणि गाडी बोलायला लागायची. दुसरी किक मारताना त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं.

म्हणूनच दर एप्रिलात निघणाऱ्या मंडळाच्या पहिल्या फेरीचा मान त्याचा होता. सगळ्या गाड्या चर्चच्या आवारात रांगेत उभ्या राहायच्या. गावचा ब्रास बँड वाजायचा आणि मग थांबायचा. त्या शांततेत नॉर्मन किक मारायचा. त्याची गाडी सुरू झाल्याशिवाय दुसऱ्या कुणी किकला पाय लावायचा नाही. शिवाय कुणी दुसऱ्याच्या गाडीला किक मारायची नाही, हे तर न लिहिलेलंच. दुसऱ्याचा टूथब्रश वापरतो का आपण?

रांगेचाही क्रम होता. पुढे किकवाले, मग जरा अंतर ठेवून बटणवाले, आणि सगळ्यांच्या मागे मेव्हिसची चहाची व्हॅन. बटणवाले म्हणजे ज्यांनी जुन्या गाडीला नवा इलेक्ट्रिक स्टार्टर बसवून घेतला ते. त्यांनी मागे राहावं हा ठराव नॉर्मनचाच. सभेत तो उभा राहून म्हणाला होता, "बटण दाबल्यावर चालू होते तिला लिफ्ट म्हणतात. मोटरसायकल नाही." टाळ्या पडल्या होत्या. पहिल्या ओळीत लेन डकवर्थ बसला होता. त्याच्या खुब्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि त्याने नुकताच स्टार्टर बसवला होता. त्यानेही टाळ्या वाजवल्या, दोन. मग तो मागे गेला, आणि तेव्हापासून मागेच.

लेन विजेच्या कंपनीतून निवृत्त झालेला. त्याला सगळे बॅटरीबुवा म्हणायचे, कारण दर सभेत चहाच्या आधी तो बॅटरीवर बोलायचा. स्टार्टरला ताकद लागते, जुन्या गाडीत मोठ्या बॅटरीला जागा नसते, म्हणून लोक लिथियमची छोटी बॅटरी घेतात. घ्या. पण तिला जुन्या चार्जरवर लावू नका. घरात, जिन्याखाली, झोपायच्या खोलीत चार्ज करू नका. आणि बॅटरीत किती वीज जावी हे आवरणारा रेग्युलेटर त्या बॅटरीजोगता बसवा. "शिशाच्या बॅटरीला जास्त पाजलं तर ती ढेकर देते," लेन म्हणायचा. "लिथियमवाली पोटात ठेवते. फुगते. आणि मग एकदमच बोलते." मागच्या ओळीतून नॉर्मन म्हणायचा, "म्हणजे आमच्या सासूबाईंसारखी." लोक हसायचे. लेन हसू संपेपर्यंत थांबायचा आणि पुढचं वाक्य घ्यायचा. त्याचं एक होतं, चिडायचा नाही.

मग नॉर्मनचा गुडघा गेला.

नवा गुडघा बसवणारी डॉक्टर तरुण होती आणि हसरी होती. चाला, बागकाम करा, मोटरसायकलही चालवा म्हणाली. नॉर्मनने किकचं विचारलं. "किक म्हणजे नेमकं काय करता?" तिने विचारलं. नॉर्मन उठला आणि तिच्या खुर्चीच्या पाठीला धरून त्याने करून दाखवलं, सावकाश, सगळ्या बारकाव्यांसकट. डॉक्टरचं हसू गेलं.

"हे नाही," ती म्हणाली. "हे कधीच नाही."

घरी येताना मोटार मेव्हिस चालवत होती. 

"मग बटण लाव," मेव्हिस म्हणाली.

"मी?"

"नाही, बिशप."

नॉर्मन खिडकीबाहेर मेंढ्या बघत राहिला. प्रश्न गाडी चालवण्याचा नव्हता. मागे बसून चालवता आलीच असती. पण त्या शांततेत पुढे जाऊन उभं राहणं हे त्याच्याकडे असलेलं एकमेव काम होतं जे दुसऱ्या कुणाला त्याच्यासारखं जमत नव्हतं. सपाता आता परदेशातून येत होत्या. कारखान्याच्या जागी गालिच्यांचं दुकान झालं होतं. किक तेवढी त्याची होती. आणि ती गेली तर, स्वतःच्याच ठरावाने, त्याला लेनच्या शेजारी जाऊन उभं राहावं लागणार होतं.

हिवाळाभर शेडमध्ये दिवा दिसायचा. वेल्समधल्या एका माणसाकडून त्याने स्टार्टर मागवला आणि पार्सल आल्यावर मेव्हिसला सांगितलं की गुलाबाची खतं आहेत. स्टार्टरची मोटर सिलिंडरांच्या मागे बसवून त्याने तिला काळा रंग दिला, त्यावर ग्रीस लावलं, आणि ग्रीसवर व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीतली धूळ भुरभुरवली. बटण पेट्रोलच्या टाकीखाली, डाव्या हाताला सापडेल पण डोळ्यांना दिसणार नाही असं. राहिली बॅटरी. त्या काळच्या बॅटरीचा काळा रबरी डबा गाडीवर होताच. नॉर्मनने तो आतून पोकळ केला आणि लिथियमची छोटी बॅटरी त्यात बसवली. डब्यात ती खडखडत होती. मग त्याने जे हाताला सवयीचं होतं ते केलं. कारखान्यातला जुना नमदा काढला, मापाने कापला, आणि बॅटरीच्या चारी बाजूंनी इतका नीट भरला की तिला हलायला जागा राहिली नाही. श्वास घ्यायलाही राहिली नाही.

रेग्युलेटरचं मात्र अडलं. जुना होता तो शिशाच्या बॅटरीसाठी, हे लेनचं व्याख्यान मागच्या ओळीत बसून ऐकताना त्याच्या कानात गेलेलं होतं. कुठला घ्यावा हे कळायला गावात एकच माणूस होता. एक दिवस खाटीक नॉर्मनच्या दुकानात दोघं समोरासमोर आले.

"लेन," नॉर्मन म्हणाला, "तुझी ती बॅटरी."

"काय तिचं?"

"बरी आहे ना?"

लेनने सॉसेजची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मजेत आहे. तू चौकशी केलीस म्हणून सांगतो तिला."

पुढे विचारायचं नॉर्मनच्या ओठांवर होतं. पण खाटकाने मधेच गुर्दा हवाय का म्हणून विचारलं आणि तो क्षण गेला. जुनाच रेग्युलेटर राहिला.

आता आवाज उरला. स्टार्टर फिरताना घरघरतो, आणि आवारात तर तेव्हा टाचणी पडलेली ऐकू येते. नॉर्मन बँडच्या तालमीला गेला. ट्यूबा, म्हणजे बँडमधला सगळ्यांत मोठा पितळी कर्णा, वाजवणारा आयव्हर मेव्हिसचा भाचा. "यंदा थांबू नका," नॉर्मन म्हणाला. "मी किक मारेपर्यंत वाजवत राहा. आणि तू माझ्या जवळ उभा राहा."

"किती जवळ?"

"पेट्रोलचा वास येईल इतका."

मंडळाची सेक्रेटरी ग्लेनिस. तिला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "नॉर्मन, बँड तर नेहमी थांबतो."

"म्हातारपणी संगीत आवडायला लागलंय."

"ट्यूबा?"

"ट्यूबाच जास्त."

फेरीच्या दिवशी आकाश नेहमीसारखं, पाऊस पाडायचा की नाही हे न ठरवलेलं. आयव्हर नॉर्मनच्या कोपराजवळ गाल फुगवून उभा. नॉर्मनने कॉक उघडला, कार्ब्युरेटरला गुदगुल्या केल्या, आकाशाकडे पाहिलं. उजवा पाय किकवर ठेवून त्याने तो अलगद खाली नेला, झोपलेल्या बाळाच्या अंगावरून हात फिरवावा तसा, आणि डाव्या बोटाने बटण दाबलं. आयव्हरने खोऱ्यातल्या गाई वळून बघतील असा सूर लावला. गाडी सुरू झाली.

टाळ्या. "नवा गुडघा जुन्यापेक्षा भारी निघाला," कुणीतरी म्हणालं. नॉर्मनने टोपीला हात लावला. टाळ्या नेहमीच्याच होत्या, पण त्या आपल्या खांद्यावरून मागच्या कुणाला तरी जाताहेत असं त्याला वाटलं. आरशात त्याला बटणवाल्यांच्या रांगेत लेन दिसला. तो पेपरमिंटचा कागद सोडवत होता.

फेरी टेकडीच्या माथ्यावरच्या चहाघरापर्यंत. चढ लांब आहे, दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं, पलीकडे मेंढ्या. वर पोचल्यावर गाड्या भिंतीला टेकून एकीला एक चिकटून उभ्या राहतात, हँडलला हँडल. जुन्या गाड्या उभ्या राहिल्या की थोडं पेट्रोल गाळतात, थोडं ऑइल, जशी त्यांच्या मालकांचीही नाकं थंडीत गळतात. नॉर्मनची गाडी मधोमध. लोक हेल्मेटं काढत होते, मेव्हिस व्हॅनचं दार उघडून बेकन घातलेले पाव मांडत होती.

नॉर्मनने हातमोजा काढला आणि सवयीने रबरी डब्यावर हात ठेवला. हात लगेच परत आला. डबा तापला होता. झाकण वर आलं होतं, आत कुणी खांदा लावून ढकलत असल्यासारखं. आणि एक गोडसर वास होता, मेव्हिस नखांचा रंग पुसते तेव्हा येतो तसा.

सगळी व्याख्यानं, ज्यांवर तो हसला होता, ती रांगेने त्याला आठवली. त्याबरोबर दुसरंही सुचलं, आणि ते सुचलं नाही असं तो नंतरही कधी म्हणाला नाही. कुणाचं लक्ष नव्हतं. गाडी मागे घ्यायची, 'जरा वळणापर्यंत जाऊन येतो' म्हणायचं, आणि उताराने निघून जायचं. वळणापलीकडे काय व्हायचं ते होऊ दे. कुणाला कळणार नाही. पण वळणापर्यंतही रांगेतल्या गाड्यांना घासत, थेंबथेंब पेट्रोलावरून जायचं होतं, आणि पलीकडे ग्लेनिस खाली वाकून आपल्या गाडीचं स्टँड सारखं करत होती, तिचं डोकं डब्यापासून हातभर.

"ग्लेनिस, बाजूला हो," नॉर्मन म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सगळ्यांनी मागे व्हा. गाड्या सोडा. बॅटरी फुगलीय. लिथियमची आहे."

"कुणाची?" ग्लेनिसने विचारलं.

"माझी. बटणाची."

कुणी हललं नाही. आगीची भीती वाटायच्या आधी त्यांना ते वाक्यच कळत नव्हतं. मग मागून लेन आला, खुब्यावर झोकांड्या खात पण घाईने. "ऐकलंत ना? वारा येतोय त्या बाजूला व्हा, व्हॅनकडे. धूर आला तर तो छातीत घ्यायचा नाही. आयव्हर, तू पण, ट्यूबा राहू दे." आणि नॉर्मनला, "आधी गाडी बाहेर. डब्याला हात लावू नको."

एकाचा गुडघा नवा, दुसऱ्याचा खुबा नवा. दोघांनी मिळून गाडी रांगेतून ओढली आणि चहाघरापासून लांब, मेंढ्यांना पाणी पाजायच्या दगडी डोणीपाशी नेली. झऱ्याचं पाणी तिथे बारमाही पडत असतं. लेनने पकडीने एकेक तार कापली. चहाघरवालीने शेगडीचा लांब चिमटा आणून दिला, तो नॉर्मनने घेतला.

"दे, मी काढतो," लेन म्हणाला.

"गाडी माझी आहे."

"नखरे करू नकोस."

"नखरे नाहीत. केलंय मी, काढतोही मीच. तू मागे हो." ते त्याने अशा आवाजात सांगितलं की लेन खरंच दोन पावलं मागे झाला.

नॉर्मनने तोंड फिरवून, हात लांब करून डबा उचलला आणि डोणीत सोडला. पाणी फुसफुसलं, पांढरा धूर निघाला आणि वाऱ्याने माळावर गेला. मग एकदा फट् झालं. पाण्याला थोडा वेळ बुडबुडे येत राहिले. नॉर्मन डोणीकडे येणाऱ्या एका मेंढीच्या आडवा उभा राहिला आणि चहाघरवालीला म्हणाला, की शेतकऱ्याला फोन कर, हे पाणी काढून डोणी घासल्याशिवाय कुणाला पिऊ देऊ नकोस, मीच येऊन घासीन.

लेन चिमट्याने पाण्यात ढवळत होता. एक करडा, भिजलेला तुकडा वर आला.

"हे काय?"

"नमदा."

"बॅटरीला सपाता घातल्यास?"

"खडखडत होती."

लेनने तो तुकडा चिमट्याने उलटून पाहिला. हसू दाबताना त्याचे खांदे हलायला लागले, पण आवाज बाहेर आला नाही. मग म्हणाला, "ट्यूबा थांबला ना सकाळी, त्यानंतरही तुझा स्टार्टर जरासा फिरत होता."

"म्हणजे तुला कळलं होतं."

"मागे उभं राहिलं की सगळं ऐकू येतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बटण लावलंयस एवढं कळलं. रेग्युलेटर जुनाच असेल असं नाही वाटलं. तू मूर्ख नाहीस असा माझा समज होता." चिमटा त्याने काठावर ठेवला. "तेवढी माझी चूक."

चहाच्या वेळी नॉर्मन व्हॅनपाशी उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं, खतांच्या पार्सलापासून. एकाही वाक्याच्या पुढे 'पण' लावला नाही. खतांचं ऐकताना मेव्हिसने नुसती भुवई उचलली. पार्सल आलं त्याच दिवशी तिने त्यावरचं नाव वाचलं होतं. शेवटी नॉर्मन म्हणाला, "ठराव माझा आहे. इथून खाली जाताना मी मागे. पुढच्या वर्षीही."

"आपण तो ठराव बघू पुन्हा," ग्लेनिस म्हणाली.

"बघा. पण तोवर तो आहे."

सगळे निघाले तेव्हा तो गाडी ढकलत मागे जाऊन उभा राहिला. तिथे नवीन अडचण निघाली. गाडीला बॅटरी नव्हती. ठिणगी मॅग्नेटोची, इंजिनच्या फिरण्यावरच पडणारी, तिला बॅटरी लागत नाही, गाडी चालली असती. पण सुरू कशी करायची? ग्लेनिस पुढे आली, घुटमळली, म्हणाली, "मी मारू किक? कुणी काही म्हणणार नाही."

"मी म्हणीन," नॉर्मन म्हणाला. "तुझी तुला पुष्कळ आहे."

"मग धक्का," लेन म्हणाला. "उतार आहे. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोड, होईल."

"चला मग, इथूनच, रांगेच्या मागून मारा."

"मागून? पुढे किकवाल्यांची रांग आहे लेका. सगळ्यांना घेऊन खाली जाशील. पुढे हो."

"पुढे नाही जाणार मी."

"सगळं खोरं बघतंय आणि हा लाजतोय," मेव्हिस व्हॅनमधून म्हणाली. "अरे, चहाची भांडी धुवायचीत मला."

नॉर्मनने रांगेकडे पाहिलं. सगळे हेल्मेटं चढवून, इंजिनं बंद ठेवून थांबले होते, कारण पहिली गाडी सुरू झाल्याशिवाय दुसरी करायची नाही, आणि पहिली कुठली हे कुणाला माहीत नव्हतं.

"ठीक," तो म्हणाला. "मी बटणवाला आहे. मी पुढे गेलो तर सगळे बटणवाले पुढे. किकवाले मागे. नाहीतर मी इथेच मेंढ्यांबरोबर राहतो."

किकवाल्यांत कुजबुज झाली. एक म्हातारा म्हणाला की असं कधी झालं नाही. दुसरा म्हणाला की बॅटरीला सपाता घातलेलंही कधी झालं नव्हतं. मग ते वाट करून बाजूला झाले, आणि गाड्या स्टँडवर लावून धक्का मारायला आले, किकवाले आणि बटणवाले दोन्ही. दुसऱ्याच्या किकवर पाय ठेवायचा नाही असा नियम आहे, पाठीवर हात ठेवायचा नाही असा नाही. आयव्हरने एका हाताने ट्यूबा धरला आणि दुसरा हात सीटला लावला. ग्लेनिसने "एक, दोन" म्हटलं आणि तीन म्हणायच्या आत सगळे सुटले.

गाडी कुंपणांमधल्या उतारावरून निःशब्द निघाली, मागे धापा टाकणारी म्हातारी माणसं. नॉर्मनने वाट पाहिली, आकाशाकडे एकदा बघून घेतलं, आणि क्लच सोडला. गाडीने एक खोकला काढला आणि बोलायला लागली.

खालच्या पुलापाशी तो इंजिन चालू ठेवून थांबला. पहिला आला तो लेन. आज कितीतरी वर्षांनी त्याच्या पुढे कुणाचा धूर नव्हता, आणि त्याचा चष्मा स्वच्छ होता. तो गाडी शेजारी लावून म्हणाला, "मंगळवारी रेग्युलेटर घेऊन येतो. बॅटरी आपण दोघं जाऊन बघून घेऊ."

"मंगळवारी मी डोणी घासायला वर जाणारे."

"मग वरच येतो. दोन ब्रश घे."

वरून किकवाले एकामागून एक उतरत होते. त्यांच्या मागे मेव्हिसची व्हॅन होती. किकवाल्यांच्या गाड्या किती ऑइल जाळतात ते मेव्हिसला आज पहिल्यांदाच कळत होतं. तिने खिडकीची काच वर घेतली होती आणि पुढच्या काचेवर वायपर फिरवत होती.

"चल," नॉर्मन लेनला म्हणाला, "तिने आपल्याला गाठायच्या आत."